रेघ काय सांगते? आलेखावरून समीकरण कसे काढावे



या लेखाच्या शेजारी तीन आलेख-कागद चिकटवले आहेत. पहिल्या कागदावर पाच टिंबे आहेत आणि त्यांमधून एक तिरपी सरळ रेघ गेली आहे. नुसती बघितली तर ती रेघच आहे. पण त्या रेघेत एक लहानसे वाक्य लपलेले असते. ते वाक्य वाचता आले की पट्टी न लावता, पाणी न मोजता, पुढचे मागचे आकडे सांगता येतात. त्या वाक्याला समीकरण म्हणतात. ते कसे वाचायचे हे मी या लेखात सांगणार आहे. हा भाग आपल्याला वरच्या वर्गात लागणार आहे, पण गुरुजींनी तो आत्ताच करून दाखवला, आणि त्यासाठी सातवीच्या मुलांना येते त्यापेक्षा जास्त काही लागत नाही. वजाबाकी आणि भागाकार आला म्हणजे झाले.

आधी आलेख म्हणजे काय ते थोडक्यात. कागदावर एक आडवी रेघ काढायची, तिला क्ष-अक्ष म्हणायचे. एक उभी रेघ काढायची, तिला य-अक्ष म्हणायचे. दोन्ही जिथे भेटतात तो आरंभबिंदू. आता कोणतेही टिंब कुठे आहे हे सांगायला दोनच संख्या पुरतात : उजवीकडे किती आणि वर किती. (४, १८) म्हणजे उजवीकडे ४ आणि वर १८. ही युक्ती फ्रान्समधल्या रेने देकार्त या तत्त्वज्ञाने १६३७ साली छापलेल्या भूमितीच्या पुस्तकामुळे सगळीकडे पसरली. त्याच्या आधी रेघा-वर्तुळे हा भूमितीचा प्रांत होता आणि आकडेमोड हा बीजगणिताचा. दोघांची सोयरीक त्याने जुळवली. रेघ दिली की समीकरण लिहिता येऊ लागले, आणि समीकरण दिले की रेघ काढता येऊ लागली.

आता पहिला कागद बघा. तो आम्ही शाळेच्या मागच्या पिंपावरून तयार केला आहे. पिंप सरळ बाजूंचे आहे, खाली वर सारखेच रुंद. त्यात सकाळचे थोडे पाणी शिल्लक होते. नळ सोडला आणि एकाने घड्याळ धरले, एकाने सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी पिंपात उभी केली, एकाने वहीत लिहिले. नळ सोडला त्या क्षणी पाणी १२ सेंटिमीटर होते. ५ मिनिटांनी १९.५, १० मिनिटांनी २७, १५ मिनिटांनी ३४, आणि २० मिनिटांनी ४२.५.

आडव्या अक्षावर मिनिटे घेतली, उभ्या अक्षावर पाण्याची उंची. प्रमाण असे : आडवा १ सेंटिमीटर म्हणजे २ मिनिटे, उभा १ सेंटिमीटर म्हणजे ३ सेंटिमीटर पाणी. टिंबे दिली तर ती जवळजवळ एका रेघेत आली. जवळजवळ म्हणतो, कारण पंधराव्या मिनिटाचे टिंब जरासे खाली आहे आणि विसाव्या मिनिटाचे जरासे वर. पाणी हलते, काठी ओली होते, त्यामुळे अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे व्हायचाच. अशा वेळी टिंबाला टिंब जोडत नागमोडी रेघ काढायची नाही. काळा शिवणदोरा घ्यायचा, दोन्ही टोके दोन हातांनी ताणून टिंबांवर धरायचा, आणि काही टिंबे दोऱ्याच्या वर, काही खाली, बाकीची दोऱ्यावरच राहतील असा तो सरकवायचा. दोऱ्याचे चांगले असे की तो पातळ असतो, दोन्ही बाजूंची टिंबे दिसतात. फूटपट्टी खालची टिंबे झाकून टाकते. दोरा बसला की त्याच्याखाली पेन्सिलने दोन खुणा, मग पट्टीने रेघ.

रेघ काढून झाली. आता तिच्याकडून दोन गोष्टी विचारून घ्यायच्या.

पहिली गोष्ट : तू सुरू कुठे होतेस? म्हणजे मिनिटे शून्य असताना रेघ उभ्या अक्षाला कुठे छेदते? आपली रेघ १२ वर छेदते. नळ सोडण्याआधी पिंपात जे पाणी होते तेच हे. या संख्येला आपण ‘क’ म्हणू.

दुसरी गोष्ट : तुझा चढ किती? चढ हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्याकडून कोलाडकडे जाताना सुकेळी खिंड लागते, तिथे एस.टी.चा आवाज बदलतो, गिअर उतरतो. रस्ता पुढे जाता जाता वर किती जातो, यावर ते अवलंबून असते. रेघेचेही तसेच. उजवीकडे एक पाऊल गेल्यावर रेघ वर किती चढते, तो तिचा चढ. त्याला ‘म’ म्हणू.

चढ काढायला रेघेवरचे दोन बिंदू घ्यायचे. टिंबांपैकी दोन नव्हे, रेघेवरचे दोन. हा फरक बारीक आहे पण कामाचा आहे. टिंबांत हाताची थरथर आलेली असते, रेघेत ती बरीचशी निघून गेलेली असते. शिवाय बिंदू असे निवडावेत की जिथे रेघ आलेख-कागदाच्या चौकटीच्या नेमक्या कोपऱ्यातून जाते, म्हणजे आकडा अंदाजाने वाचावा लागत नाही. आणि दोन्ही बिंदू एकमेकांपासून चांगले लांब घ्यावेत. जवळजवळचे घेतले तर वाचण्यात एका बारीक रेघेचा फरक पडला तरी चढ पार बिघडतो. लांबचे घेतले तर तोच फरक पसरून जातो.

आपल्या रेघेवर (४, १८) आणि (२०, ४२) हे दोन बिंदू बरोबर कोपऱ्यांवर सापडतात. पाणी किती चढले? ४२ वजा १८, म्हणजे २४ सेंटिमीटर. किती मिनिटांत? २० वजा ४, म्हणजे १६ मिनिटांत. २४ भागिले १६ म्हणजे १.५. दर मिनिटाला दीड सेंटिमीटर.

झाले! आता वाक्य लिहू : कोणत्याही वेळी पाण्याची उंची म्हणजे मिनिटांची दीडपट अधिक १२. अक्षरांत लिहिले की

य = १.५ × क्ष + १२

कोणतीही तिरपी सरळ रेघ असो, तिचे वाक्य याच साच्यात बसते : य = म × क्ष + क. म आणि क एवढे दोनच आकडे रेघेगणिक बदलतात.

ताळा करायला तिसरा बिंदू घ्यावा, ज्याचा हिशेबात उपयोग केला नव्हता असा. क्ष = १० घालू. १.५ × १० = १५, अधिक १२, २७. रेघेवर १० च्या वर बघितले तर २७ च आहे. ताळा जुळला.

या वाक्याचा उपयोग काय? पिंप ९० सेंटिमीटर उंच आहे. ते भरून वाहायला कधी लागेल? ९० मधून १२ वजा केले, ७८ राहिले. ७८ भागिले १.५, उत्तर ५२ मिनिटे. कोणी पिंपाजवळ तिष्ठत उभे राहायला नको. बावन्नाव्या मिनिटाच्या जरा आधी जाऊन नळ बंद केला की पाणी अंगणात जात नाही.

इथे काही जण म्हणतील, यात एवढे काय, हे त्रैराशिकाने सुटते. २० मिनिटांत ४२ सेंटिमीटर, तर ९० सेंटिमीटरला किती मिनिटे? करून बघा. ४२.८६, म्हणजे सुमारे ४३ मिनिटे येतात. पण पिंप ४३ मिनिटांत भरत नाही! आणि (४, १८) हा बिंदू घेऊन त्रैराशिक मांडले तर? ४ मिनिटांत १८, तर ९० ला २० मिनिटे. एकाच पिंपाची दोन उत्तरे, आणि दोन्ही चूक. त्रैराशिकाचा यात दोष नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत त्रैराशिक दिले आहे, प्रमाण, फळ आणि इच्छा अशी त्यातल्या तीन राशींची नावे आहेत. फळाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे. पण ते चालते कधी? जेव्हा शून्याला शून्यच असते तेव्हा. शून्य किलो तांदळाचे शून्य रुपये. अशा वेळी रेघ आरंभबिंदूतून जाते, क हा शून्य असतो, आणि फळ भागिले प्रमाण हाच चढ असतो. आपल्या पिंपात आधीचे १२ सेंटिमीटर पाणी बसलेले आहे. ते नळाने आणलेले नाही, आणि त्रैराशिकाला ते दिसत नाही. म्हणून मला वाटते, गणित सोडवायला घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा : शून्याला किती?

घरी याचे चांगले उदाहरण विजेच्या बिलात सापडते. पालकांनी हे जरूर बघावे. महिनाभर गावी जाऊन आलो, एकही दिवा लावला नाही, तरी बिल येते. कारण त्यात ‘स्थिर आकार’ नावाची रक्कम असते. ती म्हणजे आपला क. वापरलेल्या युनिटांवर जे पैसे चढतात तो म. समजा एका महिन्यात ४० युनिटांचे ३३० रुपये झाले आणि दुसऱ्या महिन्यात ८० युनिटांचे ५३० (हे आकडे मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत, तुमच्या बिलावर वेगळे असतील). ४० युनिटे वाढली, २०० रुपये वाढले, म्हणजे चढ ५ रुपये दर युनिटाला. मग ४० युनिटांचे झाले २०० रुपये, आणि ३३० मधले उरलेले १३० हा स्थिर भाग. य = ५ × क्ष + १३०. आलेख काढलासुद्धा नाही, दोन बिलांवरून काम झाले. मात्र हे १०० युनिटांपर्यंतच चालवावे. महावितरणच्या घरगुती बिलात १०० च्या पुढच्या युनिटांचा दर जास्त असतो, त्यामुळे १०० वर रेघ मोडते आणि जास्त उभी होते. दोन तुकडे, दोन समीकरणे. बिलाचा कागद फेकून न देता वर्षभराचे साठवले तर आलेखावर ही मोड स्पष्ट दिसते.

एस.टी.च्या तिकिटाचे मात्र असे नाही. एस.टी.चे भाडे टप्प्याने असते, एक टप्पा ६ किलोमीटरचा. टप्प्याच्या आत कुठेही उतरा, पैसे तेवढेच. त्याचा आलेख काढला तर जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. लांबून बघितले तर सरळ रेघ वाटते, जवळून पायऱ्या. तिला म आणि क लावायला गेलात तर कंडक्टर ऐकणार नाही.

आता आलेख वाचताना कुठे फसायला होते ते सांगतो. पुन्हा पहिल्या कागदाकडे बघा. (४, १८) पासून (२०, ४२) पर्यंत आडव्या चौकटी मोजा : ८. उभ्या मोजा : त्याही ८. म्हणजे चौकटी मोजून चढ १ येतो, रेघही नेमकी अर्ध्या काटकोनात दिसते. पण खरा चढ दीड आहे. कारण आडवी चौकट २ मिनिटांची आहे आणि उभी ३ सेंटिमीटरची. चौकटी मोजायच्या नाहीत, अक्षावरचे आकडे वाचायचे. आणि रेघ किती उभी दिसते यावरही जायचे नाही. प्रमाण बदलून तीच रेघ कड्यासारखी उभी करता येते किंवा शेतासारखी सपाट. वर्तमानपत्रातले आलेख बघताना हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे असे की, कधी कधी कागदावर शून्यच नसते. समजा कागद १० मिनिटांपासूनच सुरू होतो. मग रेघ डाव्या कडेला जिथे टेकते ती उंची क नव्हे. अशा वेळी मागे चालत जायचे. १० मिनिटांना २७ आहे, दर मिनिटाला १.५ आहे, तर १० मिनिटे मागे गेल्यावर १५ कमी होतील. २७ वजा १५, बारा. आपला जुनाच क परत मिळाला.

आडवी रेघ असेल तर चढ शून्य. नळ बंद आहे, पाणी तेवढेच आहे, य = ४२.५, संपले. आणि अगदी उभी रेघ असेल तर तिला चढच नसतो, कारण खाली भागायला शून्य येते. एकाच क्षणाला पाणी १२ वर आणि ९० वरही, असे कसे होईल?

आणि पिंप सरळ बाजूंचे होते म्हणून रेघ सरळ आली, हेही विसरू नका. पितळी हंडा नळाखाली ठेवून मोजा. पोट रुंद म्हणून मध्ये पाणी सावकाश चढते, गळ्याशी आले की भराभर. टिंबे वाकड्या वाटेने जातात. तिथे दोरा ताणून काही उपयोग नाही.

आता जे सांगायचे आहे त्यासाठी खरे तर मी हा विषय घेतला. दुसरा कागद बघा. तो नदीचा आहे.

आपली अंबा नदी सह्याद्रीत खोपोली-खंडाळ्याच्या बाजूला उगम पावते, जांभूळपाड्यावरून आपल्याकडे येते आणि पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. पावसाळ्यात ती काय करते हे नागोठण्यात कोणाला सांगायला नको. एस.टी. स्टँड, बाजारपेठ, कोळीवाडा, पाणी कुठून शिरते ते लहान पोरालाही ठाऊक असते. जिल्ह्याच्या पूर-अहवालात नागोठण्याला अंबेची इशारा पातळी ८ मीटर आणि धोका पातळी ९ मीटर अशी दिलेली असते. पावसाळ्यात नदीची पातळी ठराविक वेळाने कळवली जाते, मोठी माणसे मोबाइलवर एकमेकांना पाठवतातही. पण बहुतेक जण शेवटचा आकडा तेवढा वाचतात. ६.८ म्हणजे अजून पुष्कळ आहे, असे म्हणतात. एका आकड्यावरून पाणी कुठे आहे ते कळते. ते कधी येणार हे कळायला दोन आकडे आणि त्यांच्या वेळा लागतात.

उदाहरण घेऊ. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या खऱ्या दिवसाचे नाहीत. सकाळी ६ वाजता पातळी ५.२ मीटर. ८ वाजता ६.० मीटर. वेळ सहापासून मोजू, म्हणजे ६ वाजता क्ष शून्य. दोन तासांत ०.८ मीटर, चढ ०.४ मीटर दर तासाला. समीकरण य = ०.४ × क्ष + ५.२. इशारा पातळी ८ कधी? ८ वजा ५.२ म्हणजे २.८, भागिले ०.४ म्हणजे ७ तास. दुपारी १ वाजता. धोका पातळी ९ कधी? ३.८ भागिले ०.४ म्हणजे साडेनऊ तास. दुपारी साडेतीनला. दुकानदाराला वाटेल, जेवून मग माल माळ्यावर चढवू.

आता १० वाजले. रेघेप्रमाणे पातळी ५.२ अधिक १.६, म्हणजे ६.८ हवी. पण समजा निरोप आला ७.२ चा. टिंब रेघेच्या वर पडले. पिंपाच्या वेळी आपण म्हणालो, टिंब जरा वर-खाली असले तर चालते, दोरा मधून न्या. इथे तसे करायचे नाही. ०.४ मीटर म्हणजे हातभर पाणी, ते काठीच्या ओलेपणाने येत नाही. नदीने आपली चाल बदलली आहे. वर कुठे तरी पाऊस वाढला असेल. जुनी रेघ सोडून द्यायची आणि शेवटच्या दोन टिंबांवरून नवी काढायची. ८ वाजता ६.०, १० वाजता ७.२. दोन तासांत १.२, चढ ०.६. आता ८ मीटरला ०.८ मीटर उरले, ०.८ भागिले ०.६, म्हणजे एक तास वीस मिनिटे : ११ वाजून २० मिनिटे. आणि ९ मीटरला १.८ उरले, भागिले ०.६, तीन तास. दुपारी एक.

साडेतीनचे एक झाले. चढ ०.४ चा ०.६ झाला, दिसायला केवढासा फरक, पण अडीच तास गेले. कागदावर दोन्ही रेघा काढल्या आहेत, जुनी पेन्सिलीने, नवी लाल शाईने. ९ मीटरच्या आडव्या रेघेला दोन्ही कुठे छेदतात ते बघा.

रेघ पुढे वाढवणे हा अंदाज असतो, हे मी गुरुजींना विचारून मुद्दाम लिहितो आहे. टिंबे आहेत तिथपर्यंत रेघ आपली साक्षीदार असते, त्याच्या पुढे ती फक्त म्हणते की “असेच चालू राहिले तर”. नदीच्या बाबतीत असेच चालू राहत नाही. एक तर पाऊस. जुलै १९८९ मध्ये अंबेला आलेल्या महापुराने जांभूळपाड्यात हाहाकार केला, रात्रीत पाणी चढले आणि पुष्कळ माणसे गेली. आमच्या घरी अजून त्या पावसाची गोष्ट निघते. अशा पाण्याला कालच्या दोन आकड्यांची रेघ पुरत नाही. दुसरे म्हणजे भरती. नागोठणे पूर्वी बंदर होते, भरतीच्या पाण्याबरोबर इथे होड्या येत. होड्या गेल्या तरी भरती येतेच. एका भरतीपासून दुसरी सुमारे साडेबारा तासांनी येते, म्हणजे पाणी साधारण सहा तास चढते आणि सहा तास उतरते. नदीचा पूर आणि भरती एकत्र आली की खाली पाण्याला वाट मिळत नाही आणि रेघ अचानक उभी होते. ओहोटी लागली की तीच रेघ कलंडते. आमच्या आजीला समीकरण येत नाही, पण तिथी विचारून “आज अमावास्या, पाणी थांबेल दारात” एवढे ती सांगते. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते, हे तिचे म्हणणे बरोबरच आहे. तेव्हा दर तासाचा आकडा आला की नवे टिंब द्यावे, नवा चढ काढावा, आणि सरकारी इशारा आला तर रेघ बाजूला ठेवून तो ऐकावा.

पाणी ओसरतानाही रेघ असते, फक्त ती उतरते. समजा ओसरायला लागल्यावर १ तासाने ८.५ मीटर आणि ५ तासांनी ७.३ मीटर. ७.३ वजा ८.५ म्हणजे उणे १.२, भागिले ४ तास, चढ उणे ०.३. मागे एक तास जाऊन क काढू : ८.५ अधिक ०.३, म्हणजे ८.८. समीकरण य = ८.८ – ०.३ × क्ष. पातळी ७ वर यायला १.८ भागिले ०.३, म्हणजे ६ तास. चिखल काढायला खराटे घेऊन कधी निघायचे ते त्यावरून ठरवता येते. वजाबाकी करताना दोन्हीकडे क्रम एकच ठेवायचा, एवढे सांभाळा : दुसऱ्यातून पहिला, तर वरही आणि खालीही दुसऱ्यातून पहिला. नाही तर उतरती रेघ चढती होऊन बसते, आणि पूर ओसरायच्या ऐवजी वाढायला लागतो.

रेल्वेवाले तर गाड्यासुद्धा रेघांनीच चालवतात. नियंत्रण कक्षात असा तक्ता असतो की एका अक्षावर वेळ आणि दुसऱ्यावर स्थानके, पेण, कासू, नागोठणे, रोहे अशी ओळीने. प्रत्येक गाडी म्हणजे एक रेघ. जोरात जाणारी गाडी जास्त उभी, सावकाश जाणारी जास्त आडवी, स्थानकात थांबली की तेवढा तुकडा अगदी आडवा. उलट दिशेच्या गाडीची रेघ उतरती. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये असे तक्ते होऊ लागले, आता ते संगणकावर निघतात. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे लागते, ती २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण सुरू झाली. रोहे ते वीर दुहेरी मार्ग २०२१ मध्ये झाला, त्याच्या पुढे मार्ग मुख्यतः एकेरी आहे. एकेरी मार्गावर चढती रेघ आणि उतरती रेघ एकमेकींना छेदतात ती जागा स्थानकावरच यावी लागते. दोन स्थानकांच्या मध्ये आली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून एक गाडी स्थानकात थांबवून ठेवतात, म्हणजे तिच्या रेघेला आडवा तुकडा जोडतात, आणि छेदबिंदू स्थानकाच्या रेघेवर आणून बसवतात. पुढच्या वेळी तुमची गाडी उगाचच उभी आहे असे वाटले तर खिडकीतून समोरून येणारी दुसरी रेघ शोधा.

आता तिसरा कागद. तो तुमच्यासाठी आहे. त्यावर एका दुसऱ्या, सरळ बाजूंच्या टाकीची रेघ काढली आहे. आडवे मिनिटे, उभे सेंटिमीटर. शून्याकडची बाजू मुद्दाम कापली आहे. रेघ (६, २०) आणि (१६, ४५) या दोन बिंदूंमधून जाते. म काढा, मागे चालत जाऊन क काढा, समीकरण लिहा आणि तिसऱ्या बिंदूने ताळा करा. मग दोन प्रश्न. टाकी १०५ सेंटिमीटर उंच असेल तर ती कितव्या मिनिटाला भरेल? आणि नळ आधीपासून याच वेगाने चालू असेल, तर टाकी अगदी रिकामी केव्हा होती? दुसऱ्याचे उत्तर उणे येईल. घाबरू नका, ते घड्याळ लावण्याच्या आधीच्या वेळेबद्दल बोलते आहे, तसे शब्दांत लिहा. पालकांनीही सोडवायला हरकत नाही. कागदावर नाव व इयत्ता लिहून सातवीच्या वर्गातल्या खोक्यात टाका. शनिवारी खोके उघडू आणि बरोबर उत्तरे इथेच खाली लावू.